पुलियापाशी लुकलुकणारा दिवा

१

किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात आणि चार-पाच सेकंदांत एकेक करून विझतात. ही गाडीची हजेरी. बॅटरी, इंजिन, ब्रेक, सगळे उठून उभे राहतात आणि खाली बसतात. रोज सकाळी सव्वाआठला, बुलढाण्यातल्या आमच्या घरासमोर, ही हजेरी पूर्ण झाल्याशिवाय मी निघत नाही.

गाडी म्हणजे माझी फिरती प्रयोगशाळा. एक जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीट काढल्या, दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या. फळ्यांवर चंचुपात्रं, भिंगं, लोहचुंबक आणि दोन सूक्ष्मदर्शक. सहा वर्षं स्कॉटलंडमध्ये पदार्थविज्ञान शिकून मी परत आले ती या गाडीसाठी. मोताळा तालुक्यातल्या कितीतरी शाळांमध्ये आठवीच्या मुलांनी सूक्ष्मदर्शकाचं फक्त चित्र पाहिलेलं असतं. आकृतीला नावं द्या, चार गुण. मला हे सहन होत नाही. ज्या मुलीने कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तिला पुढे आयुष्यात कुणी सहज फसवू शकत नाही, असं मी मानते. अजूनही मानते.

वर्गात माझं एक ठरलेलं वाक्य होतं. दिवा लागला तर घाबरायचं नाही, विचारायचं, कशामुळे लागला?

जानेवारीतल्या एका मंगळवारी शाळा आटपून मी राजूर घाट चढत होते. पावणेपाच वाजले होते. सीताफळीची झाडं निष्पर्ण, ऊन तिरपं, रस्ता तापल्या तव्यासारखा कोरडा. घाटाच्या मध्यावर ओढ्यावरची एक छोटी पुलिया लागते, दगडी कठड्यांची. ती ओलांडली आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला. गाडीचं छोटंसं चित्र, तिच्यामागे दोन वाकड्या रेघा. माझा पाय होता तिथेच होता, तरी गाडी मंदावली. मागच्या फळ्यांवर काच काचेला लागून किणकिणली.

मग दिवा विझला. गाडी हलकी झाल्यासारखी पुढे गेली.

मी आरशात पाहिलं. रिकामा रस्ता होता, आणि कठड्यावर ऊन.

२

चिखली रोडवर रवीचं गॅरेज आहे. रवी माझ्याच वयाचा, शाळेत एक वर्ष पुढे होता. मी परदेशातून परत आले याचं त्याला अजून हसू येतं.

"मॅडम, दिवा लागून राह्यला होता का लुकलुकत होता?"

"लुकलुकत होता."

"मंग गाडी बिमार नाही. लागूनच राह्यला असता तर बिमार म्हटली असती, नाहीतर कोनी बटन दाबून ती सिस्टीम बंद केली असं समजलो असतो. लुकलुकला म्हंजे ती आपलं काम करून राह्यली."

"काम म्हणजे? रस्ता कोरडा होता, रवी."

त्याने हातातला पाना बाजूला ठेवला. "तुमच्या गाडीची ताकद मागच्या चाकाइले जाते. बराबर? आता चाक फिरून राह्यलं, पन गाडी तेवढी पुढं जाऊन नाही राह्यली. चाक म्हनते मी निघालो, गाडी म्हनते मी इथीच हाये. हा फरक कळला का दिवा लुकलुकते आन् गाडी स्वतःच इंजिनाचा दम कमी करते. दमानं घेते, का चाक पुन्हा जमीन पकडीन म्हनून."

"पण फरक पडेल कशामुळे?"

"चिखलात पडते. वाळूत पडते. नाहीतर मंग मागून कोनी गाडी धरून ठेवली तर."

"कोण धरणार?"

"तुमच्या शाळेतले पोट्टे. म्हनत असतीन, बाई नका जाऊ." तो हसला. मीही हसले.

त्याने कॉम्प्युटर जोडून चारही चाकांचे सेन्सर पाहिले. साफ होते. टायर चांगले होते. घाटात त्या जागी ऑइल सांडलं असेल, असं त्याने सांगितलं. निघताना त्याने स्टिअरिंगच्या डावीकडचं एक छोटं बटण दाखवलं. "लयच तरास वाटला तर हे दाबा. सिस्टीम बंद. मंग दिवा नुसता लागून राहीन, पन गाडी कोनासाठी थांबनार नाही."

मी त्याला पुन्हा विचारलं, "आत्ता थांबते?"

"म्हंजे हळू होते ना वो," रवी म्हणाला. "थांबते म्हंजे तसं नाही."

३

ऑइल सांडलेलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी पुलियापाशी उतरून गुडघ्यांवर बसून डांबर पाहिलं, बोट फिरवलं, वास घेतला.

म्हणून मी वही केली. तारीख, वेळ, तापमान, गाडीतलं वजन, वेग. पुलियाच्या शेवटी खडूने रेघ मारली आणि दिवा विझला की गाडी कडेला घेऊन टेपने अंतर मोजलं. मला या कामात खरा आनंद होत होता, हे कबूल केलं पाहिजे. कारण सापडलं की मुलांना दाखवता येईल, असं मनात होतं. कोड्यात टाकणारा दिवा आणि त्याचं साधं उत्तर. याहून चांगला धडा कोणता?

सकाळी घाट उतरताना दिवा कधीच लागला नाही. संध्याकाळी चढताना रोज लागला. वजन वाढवलं, कमी केलं, टायरमधली हवा बदलली, वेग बदलला. काही फरक पडला नाही. बदलत होतं ते फक्त अंतर. पहिल्या दिवशी मोजलं तेव्हा सोळा मीटर. मग एकवीस. मग चौतीस. मध्ये एक रविवार सुटीचा गेला, तरी सोमवारी त्रेपन्न. अकराव्या दिवशी एकशे दहा.

म्हणजे जे काही गाडीला मागे धरत होतं, ते रोज थोडं जास्त लांबपर्यंत येत होतं.

आणखी एक गोष्ट होती. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय की दिवा सारख्या गतीने लुकलुकतो. हा तसा नव्हता. जलद, जलद, मग एक छोटी खळ, मग पुन्हा जलद. सुरुवातीला दमदार, शेवटी शेवटी विस्कळीत. बाराव्या दिवशी मी वहीत लिहिलं, "धावून दमलेल्या माणसाच्या पावलांसारखा." मग ते खोडलं. उपमा हे निरीक्षण नव्हे.

पण त्यानंतर मी शाळेतून वेळेवर निघू लागले. पावणेपाच चुकू नयेत म्हणून. पुलिया जवळ आली की मी रेडिओ बंद करायची आणि वेग कमी करायची, आणि माझ्या छातीत जे व्हायचं त्याला भीती म्हणता आलं नसतं. बसस्टँडवर कुणाला घ्यायला गेल्यावर गाडी फलाटाला लागताना जे होतं, ते व्हायचं.

४

घरी आम्ही दोघंच. मी आणि बाबा. माझे वडील, भगवानराव, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. माय तीन वर्षांपूर्वी गेली, मी तिकडे असताना.

फोनवर बाबा एवढंच म्हणाले होते, "घाटात हार्ट बंद पडलं तिचं." माझी तोंडी परीक्षा नऊ दिवसांवर होती. बाबा म्हणाले, येऊ नको मंजू, आता येऊन काय करशीन, पूर्ण करून ये. आणि मी गेले नाही. पुढे प्रबंधातल्या दुरुस्त्या, मग नोकरीचे काही महिने, मग आणखी काही. मी परत आले तेव्हा मायच्या साड्या वाटून झाल्या होत्या. मी परतले ती मुलांसाठी, असं सगळ्यांना सांगते. खोटं नाही ते. पण पहिल्या रात्री मी तिच्या उशीचा वास घेऊन पाहिला होता, आणि तिला फक्त साबणाचा वास होता, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बाबा, घाटात एका जागी गाडीचा दिवा लागतो. कारणच सापडत नाही."

ते लसणाकडेच पाहत म्हणाले, "पुलियाच्या पुढं."

मी पुलियाचं नाव काढलं नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तिथी चढ हाये ना," ते म्हणाले. सोललेली पाकळी त्यांनी सालांत टाकली आणि साल वाटीत.

पुलियाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती, म्हणून कुणी बोलत नसे. बाबांकडे एक जुनी जीप होती. रविवारी तो आणि माय मला मागे बसवून घाटाखालच्या गावांत जायचे आणि चमत्कारांमागचं विज्ञान दाखवायचे. माय कोहळा कापायची आणि त्यातून रक्त काढायची, मग हळद आणि चुना दाखवून सांगायची की बायांनो, एवढंच आहे. आमच्या घरात भूत हा शब्द फक्त खोडण्यासाठी वापरला जायचा.

जीपचा हँडब्रेक मी जन्मल्यापासून लागला नव्हता, आणि घाट चढताना पुलियापाशी इंजिन तापायचंच. बाबा ब्रेकवर पाय दाबून बसायचे. माय उतरायची, कठड्यावरचा एक तिकोनी काळा दगड मागच्या चाकाखाली लावायची, ओढ्यातून डबा भरून आणायची, पाणी ओतायची. मग बाबा ब्रेक सोडून जीप उचलायचे. चढावर एकदा उचलली की पुन्हा थांबवता येत नसे. म्हणून जीप पहिल्या गिअरवर कुंथत पुढे जायची, आणि माय आधी दगड उचलून कठड्यावर ठेवायची, मगच धावायची. दगड रस्त्यात सोडून जायचा नाही, हा तिचा नियम. मागून येणारा मोटारसायकलवाला आदळेल. दगड चटकन ओळखू यावा म्हणून तिने त्यावर चुन्याचं बोट ओढलं होतं.

चपला काढून हातात घेऊन ती धावायची आणि मागच्या पायरीवर उडी मारायची. जीपचा आवाज एवढा की बाबांना मागचं काही ऐकू येत नसे. म्हणून माझं काम ठरलेलं होतं. मागच्या फाळक्याशी बसून तिच्यावर नजर ठेवायची, आणि ती चढली की ओरडायचं, "आली!" ते ऐकल्यावर बाबा दुसरा गिअर टाकायचे आणि न वळता विचारायचे, "दगड उचलला का?"

"कधीचा," माय म्हणायची.

घरी आल्यावर तीच आधी उतरायची. हातातल्या चपला अंगणातल्या फरशीवर टाकायची, आधी एक, मग दुसरी, आणि माझ्या खांद्याला धरून पाय सरकवायची. मी बहुतेक वेळा झोपेत असायची. चपलांच्या त्या दोन आवाजांनी मला कळायचं की घर आलं, आणि मी डोळे मिटूनच उतरून तिच्याकडे पाठ करून उभी राहायची.

५

दुसऱ्या दिवशी घाट चढताना मी पुलियावरच गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. उतरले.

दगड कठड्यावर होता. तिकोनी, काळा, चुन्याची रेघ पुसट झालेली. तीन वर्षांत तो कुणी हलवला नव्हता, किंवा हलवून परत ठेवला होता.

मी तो उचलला आणि मागच्या डाव्या चाकामागे लावला. का लावला, ते मला नीट सांगता येणार नाही. प्रयोगाला गृहीतक लागतं. माझ्याकडे तेव्हा नव्हतं, किंवा होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. मी आत जाऊन बसले, दोन मिनिटं नुसती बसले. माकडं झाडांवरून निघून गेली. मग गाडी सुरू केली आणि निघाले.

दिवा लगेच लुकलुकायला लागला. जलद, जलद, खळ. गाडी मंदावली. काचा किणकिणल्या. मी अंतराकडे लक्ष देत होते, एकशे तीस, एकशे पन्नास, आणि दिवा विझल्यावर कडेला थांबले तेव्हा आठवलं. दगड.

मी दगड रस्त्यातच सोडून आले होते.

एखादी मोटारसायकल, मागे बसलेली बाई, मांडीवरचं मूल. मी धावत परत निघाले, उतारावर, चपला हातात घेऊन, कारण त्या घसरत होत्या. वळण घेतलं. रस्ता मोकळा होता.

दगड कठड्यावर होता. पहिल्या जागी, पहिल्यासारखाच, चुन्याची बाजू वर.

मी स्वतःला विचारलं तेच इथे लिहिते. एखाद्या गुराख्याने उचलला असेल. शक्य आहे. पण मला दोन्ही बाजूंना लांबवर दिसत होतं, आणि कुणी नव्हतं. मीच उचलून विसरले असेन. तेही शक्य आहे. मी दगडाला हात लावला. वरून तो उन्हाने कोमट होता. खालून ओला होता, ओल्या हातांनी धरल्यासारखा. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. ओढा डिसेंबरातच आटला होता. खाली पांढरे गोटे आणि पाचोळा.

मी टेपने मोजलं नाही त्या दिवशी. वहीत फक्त लिहिलं, "उचलला."

६

"दगड कठड्यावर होता, बाबा," मी जेवताना म्हटलं. "मी चाकाला लावून आले होते. परत गेले तर कठड्यावर होता."

भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ट्यूबलाइट, ताटात भाकरी आणि ठेचा. बाबांनी घास खाली ठेवला. मग बोलले ते ताटाकडे पाहून.

"त्या दिवशी प्रोग्राम लय मस्त झाला होता. लोकं सोडून नव्हते राह्यले. येताना पुलियापाशी जीप तापली. तिनं दगड लावला, पानी आनलं. म्या जीप उचलली. मागं तू नव्हती."

"हो."

"तू गेल्यावर आवाज कोन देईन? ती म्हने, मीच देत जाईन. देत होती. त्या दिवशी कायतरी वाजलं मागं. मले वाटलं चढली. सेकंड टाकला." त्यांनी पाण्याचा पेला हातात घेतला, प्यायले नाहीत. "बुलढान्यापर्यंत बोलत आलो मी तिच्याशी. मंजूचा फोन येईन म्हटलं आज. तिले सांग म्हटलं प्रोग्रामचं. घरी आलो, जीप बंद केली, आन् वाट पाहून राह्यलो चप्पल पडायची."

मी त्यांच्या हातातला पेला काढून खाली ठेवला.

"परत गेलो. पुलियाच्या लय पुढं आली होती ती. दोनशे पावलं असतीन. कडेला बसली होती, एक चप्पल हातात. दुसरी सापडली नाही. दोन दिवस पाह्यली म्या, झाडोऱ्यात." त्यांनी ताट थोडं दूर सारलं. "दगड जागच्या जागी होता. तो ठेवून धावली बाई."

"मला काऊन नाही सांगितलं?" माझ्या तोंडून लहानपणीचा शब्द आला.

"सांगून? तू म्हटली असतीस, मी असती तर आवाज दिला असता."

मी तेच म्हणणार होते.

अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, मोताळ्यात सगळ्या शाळांचा मेळावा होता. मी बाबांना महिनाभर विनवत होते की कोहळ्याचा प्रयोग तुम्ही करून दाखवा. ते नाही म्हणत होते. माय गेल्यापासून ते त्या घाटातून गेले नव्हते. मोताळ्यात नात्यातलं एक लग्नही त्यांनी चुकवलं होतं. त्या रात्री मी पुन्हा विचारलं. मुलांचं नाव घेतलं नाही.

"एकदा माझ्यासोबत चला, बाबा. मला एकटीला कळत नाहीये."

त्यांनी ताट उचललं. मोरीत नेऊन ठेवलं. तिथूनच म्हणाले, "हाव. येतो."

७

मेळावा चांगला झाला. कोहळ्यातून रक्त निघालं तेव्हा दोनशे मुलं एकदम गप्प झाली, आणि बाबांनी चुन्याची डबी दाखवली तेव्हा सगळी हसली. बाबांचा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. निघताना एका मुलीने आमच्या डॅशबोर्डवरच्या दिव्यांची नावं विचारली. मी प्रत्येकाचं नाव सांगितलं. त्या पिवळ्याचं सांगताना म्हटलं, चाक पुढे गेलं आणि गाडी मागे राहिली की हा लागतो.

घाटाला लागलो तेव्हा साडेचार झाले होते. बाबा पुढे, माझ्या शेजारी. उतरताना सकाळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आता उघडे होते. पळसाला फुलं आली होती, त्याबद्दल ते काहीतरी बोलले, मध्येच थांबले.

पुलिया आली. कठड्यावर दगड नव्हता.

ते आम्ही दोघांनी पाहिलं. गाडी पुलियावरून पुढे गेली आणि दिवा लुकलुकायला लागला.

बाबांनी हात पुढे केला आणि अंगठा त्या दिव्यावर ठेवला, चटका बसलेल्या जागेवर ठेवतात तसा. अंगठ्याच्या कडेने पिवळं दिसत होतं. जलद, जलद, खळ. गाडी मंदावली. मागच्या काचा वाजायला लागल्या.

"चाल," ते म्हणाले. "थांबू नको, मंजू."

"मी थांबवत नाहीये."

पन्नास मीटर. शंभर. मग त्यांचा हात दिव्यावरून खाली आला, चाचपडला, आणि त्यांनी ते बटण दाबलं. सकाळी मीच त्यांना ते दाखवलं होतं. लुकलुक थांबली. दिवा नुसता लागून राहिला, स्थिर, पिवळा. मागची चाकं घर्र करून फिरली, रबराचा वास आला आणि गाडी झेपावली.

मागचं सगळं शांत झालं. एकही काच वाजेना.

ते किती वेळ होतं, दोन सेकंद, तीन. त्यात मी नऊ दिवसांवरची परीक्षा पाहिली, एडिंबरातल्या माझ्या खोलीची खिडकी, फोन ठेवल्यावर मी परत उघडलेलं पुस्तक. बाबा रडत होते, तोंड बंद ठेवून. "नाही पाहू शकत मी तिच्याकडं," ते म्हणाले. "म्या मागं वळून नाही पाह्यलं बाई."

मी बटण परत दाबलं.

दिवा पुन्हा लुकलुकला. लांबून आल्यासारखा, अडखळत. गाडीने दम कमी केला. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय आणखी उचलला, पूर्ण नाही, थांबून मागे घरंगळेल इतका नाही. तेव्हाच मी आरशात पाहिलं.

मागच्या काचेच्या खालच्या कडेला केसांचा भांग दिसला. तेवढाच. पांढरा, सरळ, मधोमध. वर यायचा, खाली जायचा. वर यायचा.

दोनशे पावलांची जागा आली. तिथे कडेला एक सपाट धोंडा आहे. भांग तिथे खाली गेला आणि वर आला नाही. दिवा एकदा लुकलुकला. थांबला. मग आणखी एकदा, आणि गाडीचं मागचं अंग खाली बसलं, पायरीवर कुणी पाय दिल्यावर बसतं तसं.

मला वाटलं होतं की मी ओरडेन. आवाज निघाला तो पाच वर्षांच्या मुलीचा निघावा तेवढाच.

"आली."

दिवा विझला.

बाबा समोर पाहत होते. ओठ हलले, पहिल्यांदा आवाज आला नाही. मग आला, जुना, रोजचा.

"दगड उचलला का?"

कुणी उत्तर दिलं नाही. मी दुसरा गिअर टाकला. आरशात आता भांग नव्हता. फेब्रुवारी अखेरच्या त्या उन्हात मागच्या काचेवर आतल्या बाजूने वाफ धरली होती, तळहाताएवढी. ती मोठी व्हायची, आक्रसायची, पुन्हा मोठी व्हायची. लांबवरून धावत आलेल्या माणसाचा श्वास काही लगेच शांत होत नाही.

८

बुलढाण्यापर्यंत बाबा बोलत होते. मेळाव्याचं सांगत होते. मुलं कशी गप्प झाली, कशी हसली. मंजू आली म्हणाले, परत आली, घरीच असते आता. मी गाडी चालवत होते.

घरासमोर थांबले. अंगणात अजून ऊन होतं. शेजारच्या घरी कुकरची शिटी झाली. मी गाडी बंद केली, किल्ली काढून मुठीत धरली. बाबा हलले नाहीत. मीही नाही. आधी उतरायचं ते तिने.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला नाही. फरशीवर एक चप्पल पडली.

आम्ही दुसरीची वाट पाहिली. कुकरच्या आणखी दोन शिट्या झाल्या.

मग बाबा हळूच म्हणाले, "दुसरी, तुह्या हातातली, कपाटात ठेवली म्या. आनतो. थांब जरा." ते मला म्हणाले नव्हते. त्यांनी दार उघडलं, उतरले आणि मागे न बघता घरात गेले. लोखंडी कपाटाची कडी वाजली.

मागे, अगदी जवळ, अनवाणी पायाचा आवाज येत होता. एकाच पायाचा. कुणी दुसरा पाय वर धरून तोल सावरत असावं, तसा जागच्या जागी.

मी उतरले. डोळे मिटले, गाडीला हात लावत लावत मागे गेले आणि पाठ करून पूर्वीसारखी उभी राहिले. खांदा थोडा खाली केला. आता मी उंच झाले आहे.